रुपयास आठ शेर

बीड, मार्गशीर्ष शुद्ध ९, शके १८४१

चि. अर्जुन यास आशीर्वाद.

चौदा वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे, ते आमच्या शाळेची बायडाबाई नोकरी सोडून चालली आहे म्हणून. दुसरे कारण नाही. तुझी आठवण येत असती तर ती चौदा वर्षांत एखाद्या वेळी आली असतीच.

बायडाबाई कोण ते सांगते. आपल्याकडे मुलगी एकटी शाळेत येत नाही, हे हैदराबादेत राहून तू विसरला असशील. तिला घरातून बोलावून आणणारी बाई लागते. बायडाबाई सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून हाक मारते. कोणाची वेणी राहिलेली असते, कोणाच्या आईने ऐन वेळी धाकटे मूल कडेवर दिलेले असते. त्या सगळ्या गोंधळातून ती एकतीस मुली शाळेच्या ओट्यावर आणून सोडते आणि संध्याकाळी मोजून परत पोचवते. शिकवते मी, पण शाळा भरवते बायडाबाई. मी आजारी पडले तर मुली पाढे म्हणत बसतात. ती पडली तर मुलीच नसतात.

माघाअखेर तपासणी आहे. त्या दिवशी पटावर वीसपेक्षा कमी मुली हजर दिसल्या तर शाळा बंद करण्याचा हुकूम आलेला आहे.

बायडाबाईचा पगार सात रुपये, आपल्या राज्याच्या हाली सिक्क्यात. तीन वर्षांपूर्वी त्यात तिचे घर चालत होते. आज चालत नाही. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनात बायकांना रोजी पैशात न देता ज्वारी मापून देतात, म्हणून ती संक्रांतीनंतर तिकडे जाणार. मी तिला समजावले. ती म्हणाली, "बाई, तुमचा रुपाया लई गोड हाय, पन त्याची भाकर व्हत न्हाई. जिनात निदान दाना तरी हातावर पडतो."

यावर उपाय म्हणून मी भाद्रपदात गिरानी भत्त्याचा, म्हणजे महागाईच्या भत्त्याचा, अर्ज केला. त्याचे उत्तर काल आले. ते असे: "बीड येथील ज्वारीचा दर तीन वर्षांत सोळावरून नऊवर उतरला असल्याचे तक्त्यावरून दिसते. भाव जवळजवळ निम्मे झाले असता गिरानी भत्त्याचे प्रयोजन उरत नाही. जिल्ह्याचे अभिनंदन." खाली सही: अर्जुनराव, मददगार, नर्ख व चलन शाखा.

सही मी ओळखली. मग तक्ता मागवून पाहिला. तोही तूच तयार केलास असे कळले. छान छापला आहे. कागद जाड आहे. फक्त रकान्याच्या डोक्यावर तू नुसते "दर" असे लिहिले आहेस.

अर्जुन, या मुलखात शेरभर ज्वारीला किती पैसे असे कोणी विचारत नाही. रुपयाला किती शेर असे विचारतात. आजोबा तसेच विचारत, त्यांचे आजोबाही तसेच विचारत असणार. धारण सोळा म्हणजे रुपयाला सोळा शेर. धारण नऊ म्हणजे रुपयाला नऊ. सोळाचे नऊ झाले म्हणजे स्वस्ताई झाली नाही. माणसाच्या पुढ्यातून सात शेर उचलून नेले. तहसिलीच्या कारकुनाने तुझ्या रकान्यात त्याला माहीत असलेला दर लिहिला आणि तू तुला माहीत असलेला वाचलास.

आकडा खाली जातो तेव्हा महागाई वर जाते. याला व्यस्त त्रैराशिक म्हणतात. दहा मजूर एक भिंत आठ दिवसांत बांधतात तर वीस मजूर किती दिवसांत बांधतील? तू सोळा दिवस म्हणाला होतास. वय वर्षे अकरा.

तेव्हा तक्ता दुरुस्त करावा आणि भत्ता पाठवावा.

तुझी बहीण,
वत्सला

ता. क. नऊ हा आकडा पक्का आहे, कारण तो माझा आहे. तहसिलीचा चपराशी जमील दर बाजाराला नर्ख, म्हणजे बाजारभाव, आणायला निघतो आणि शाळेच्या ओट्यावर येऊन माझ्या वहीतून उतरवून घेतो. मी विचारले तर म्हणतो, "बाई, बाजारात जाऊन मी काय करू? भाव तर तुमच्या वहीतच राहतो." मी स्वतः आईचा पितळी शेर घेऊन जाते आणि राधाकिशन शेठच्या दुकानात उभी राहून मापून घेते. बायडाबाईची कुरकूर आहे की तिला रुपयाला आठसुद्धा भरत नाहीत. मी तिला सांगितले, मापावर नजर ठेवायला शीक.

ता. क. दुसरा. उत्तर देताना चौदा वर्षांपूर्वीचा विषय काढू नये. मीही काढलेला नाही.


बीड, पौष शुद्ध ४, शके १८४१

चि. अर्जुन यास आशीर्वाद.

तुझे उत्तर पोचले. त्यावर "श्रीमती मुख्याध्यापिका यांस" असे लिहिले आहे आणि आत "अर्जदाराने नात्यागोत्याचा उल्लेख टाळावा" अशी सूचना आहे. ठीक आहे. तुला कांजिण्या आल्या तेव्हा एकवीस रात्री जागली ती मुख्याध्यापिकाच होती.

उत्तरात दोन गोष्टी आहेत. एक, तक्त्यातील आकडे शाखेने पुन्हा तपासले आणि बरोबर आढळले. आकडे बरोबर आहेत हे मीही म्हणते आहे. उलटे धरलेले पुस्तकही छापलेले बरोबरच असते.

दुसरी गोष्ट वाचून मी खुर्चीवर बसले. तू लिहितोस: "भाव इतके उतरण्याचे कारण बीडच्या बाजारात चलन कमी पडत असावे. सबब खजिन्यात चाळीस हजारांच्या नव्या नोटा पाठवण्यात येत आहेत."

अरे, घरात पाणी शिरले आहे आणि तू विहीर आटली असे समजून आणखी पाणी पाठवतो आहेस.

नोटा वाढल्या की काय होते हे तुला पत्रात समजावून सांगणार होते, पण आधी वाटले, वर्गात करून पाहावे. मी बाजारातून पसाभर बोरे आणली. मोजून तीस. एकतीस मुलींना एकेक चिंचोका वाटला आणि म्हटले, हा तुमचा रुपया, बोरे विकत घ्या. एका चिंचोक्याला एक बोर असा भाव पडला. जिला मिळाले नाही ती रडली. तिला पाटी दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीस बोरे आणली आणि प्रत्येकीला दोन चिंचोके दिले. मुलींना आनंद झाला. म्हणाल्या, आज आम्ही श्रीमंत. पाच मिनिटांत बोर दोन चिंचोक्यांना झाले. मी विचारले, कालच्यापेक्षा जास्त बोरे कोणाला मिळाली? कोणालाच नाही.

इथपर्यंत धडा उत्तम चालला होता. मग मधली सुट्टी झाली. शाळेमागे चिंचेचे झाड आहे, हे मी विचारात घेतले नव्हते. जाहेदा नावाची आठ वर्षांची मुलगी आहे, ती ओढणीत चिंचोके भरून आली. तिचे पाहून बाकीच्या पळाल्या. सुट्टी संपली तेव्हा एका बोराला चाळीस चिंचोके पडत होते आणि राहिलेल्या चार बोरांवरून दोघींच्या झिंज्या सुटल्या. मी छडी आपटून बाजार बंद केला. जाहेदा म्हणाली, "बाई, उद्यापासून कवड्या घ्या. कवड्या झाडाला लागत न्हाईत."

ही मुलगी आठ वर्षांची आहे. तुझ्या शाखेत सगळे आठ वर्षांवरचेच असतील अशी माझी समजूत होती.

तुझ्या शाखेला नुसत्या ज्वारीवरून महागाई कळणार नाही, म्हणून मी आणखी एक काम केले आहे. बायडाबाईच्या घरात महिन्याला काय काय लागते ते लिहून काढले: ज्वारी, तूरडाळ, मीठ, गूळ, करडईचे तेल, घासलेट, आणि लुगड्याचा बारावा हिस्सा. तीन वर्षांपूर्वी या महिन्याला किती पडत आणि आज किती, एवढेच मोजायचे. याला मी "बायडाबाईचा महिना" असे नाव दिले आहे. तिला ते पसंत नाही.

"माझ्या चुलीवर काय शिजतं ते हैद्राबादेला कावून कळवता? तिकडल्या लोकांला जेवन न्हाई का?"

मी म्हटले, सरकारला तुझी अडचण कळावी म्हणून.

"मंग तंबाखू लिवा."

मी म्हटले, तंबाखू ही गरज नाही.

"मंग तुमचा ह्यो महिना माझा न्हाई. दुसऱ्या कुन्या बाईचा आसंल."

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी तंबाखू लिहिली. मोजायचे तर जे आहे ते मोजावे. जे असावे ते नव्हे. तो महिना तेव्हा सात रुपयांना पडत होता. आज बारा रुपये दोन आण्यांना पडतो. कागद सोबत जोडला आहे. याची नक्कल जपून ठेवावी. असा कागद तुझ्या जाड तक्त्यांत एकही नसेल.

नोटांची पेटी थांबव. भत्ता पाठव.

वत्सला (मुख्याध्यापिका)


बीड, पौष वद्य १०, शके १८४१

चि. अर्जुन यास.

पेटी आली. खजिन्यातून नोटा पगारात निघाल्या, पगारातून बाजारात आल्या आणि तिसऱ्या बाजाराला ज्वारीची धारण नऊवरून आठ झाली. जमीलने माझ्या वहीतून आठ उतरवून घेतले. तुझ्या शाखेकडून तहसिलीला तार आली म्हणे, "आणखी उतार, समाधान." राधाकिशन शेठने ती तार कोणाकडून तरी ऐकली. मला म्हणाला, "बाई, सरकार खूश झालं की आमाला भीती वाटते. आनखी किती खूश व्हनार हायेत?"

आज तुझे दुसरे पत्र आले. "रकान्याच्या शीर्षकाबाबत काहीशी संदिग्धता आढळून आली" असे त्यात आहे. याचा अर्थ माझे म्हणणे तुला पटले असा मी घेते. मोमिनाबादेपर्यंत आलेली दुसरी पेटी परत फिरवलीस हेही वाचले. ते चांगले केलेस. हे मी मनापासून लिहिते आहे, उगाच दोनदा वाचू नकोस.

पण भत्ता तू पुन्हा नाकारलास. नियमाचा उतारा जोडला आहेस: ज्वारी रुपयास आठ शेरांखाली गेल्यास भत्ता देय. "अर्जदाराच्याच वहीप्रमाणे धारण पूर्ण आठ आहे. आठ हे आठांखाली नाही."

नाही. आठ हे आठांखाली नाही. मी ते वाक्य तीनदा वाचले आणि त्यात मला चूक सापडली नाही.

माझी अवस्था पाहा. तू दुसरी पेटी येऊ दिली असतीस तर ज्वारी साडेसातांवर गेली असती आणि मला भत्ता मिळाला असता. म्हणजे बायडाबाईला दोन रुपये मिळावेत म्हणून सगळ्या गावाचा अर्धा शेर जावा, अशी इच्छा मी धरली पाहिजे. क्षणभर धरलीही. मग सोडली. ते मागणारे पत्र मी लिहिणार नाही.

जमील ओट्यावर बसला होता. त्याने माझा चेहरा पाहिला असावा. म्हणाला, "बाई, साडेसात लिवून टाकू का? अर्ध्या शेरानं काय व्हतंय? मी तर दर बाजाराला उतरवूनच घेतो, एकदा न बघता उतरवतो."

मी त्याला ओट्यावरून उठवले. चौदा वर्षे त्या वहीत मी पाव शेराची लबाडी केलेली नाही. शाळा वाचवण्यासाठी केली तर त्या शाळेत गणित कोणत्या तोंडाने शिकवू?

बायडाबाई संक्रांतीचा तिळगूळ देऊन गेली ती जिनात. तिचा दोष नाही. तेव्हापासून मुलींना बोलावून आणायला मी स्वतः जाते. पहिल्या दिवशी एकोणीस आल्या. दुसऱ्या दिवशी चौदा. आज अकरा. आया म्हणतात, बाई लई भराभर चालतात, पोरींला धाप लागते. एका घरात मी हाक मारल्यावर आतून मुलीचा आवाज ऐकला, "आई, सांग ना, मला ताप हाय." बायडाबाई हाक मारते तेव्हा पोरी दोन पायऱ्या एकदम उतरतात. मी हाक मारते तेव्हा दार लागते. याचा विचार मी करते आहे. तो तुला कळवण्याची आवश्यकता नाही.

माघाअखेरीस पस्तीस दिवस राहिले आहेत.

आता तुझ्या पत्राच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या ओळीविषयी. "ताई, हे माप कोणते? तपासले होतेस का?"

चौदा वर्षांत पहिल्यांदा ताई म्हणालास आणि ते संशय घेण्यासाठी! माप आईचे आहे. पितळी. आईने त्यात आयुष्यभर धान्य मोजले आणि तिच्या दारातून कोणी कमी घेऊन गेले नाही. तुला शंका असेल तर ते आजच्याच टपालाने कापडात शिवून पाठवते आहे. तुझ्या शाखेतला सरकारी शिक्क्याचा शेर त्याच्याशेजारी ठेव आणि काय ते पाहा. मग क्षमा मागणारे पत्र लिही. तेही समासात चालेल.

मापाच्या तळाशी एक पोचा आहे. तो जुना आहे. तू तुझ्या लग्नाच्या वेळी भांडून उंबरा ओलांडलास, त्या वेळी मागे काही आपटल्याचा आवाज ऐकला असशील तर तो मांजराचा.

आणि तो विषय तू न काढताही समासातून काढलास, म्हणून एकदाच लिहिते. तुझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तुळजाच्या वडिलांनी, मला पत्र पाठवून विचारले, मुलगा कसा आहे. मी काय लिहावे अशी तुझी अपेक्षा होती? मी लिहिले: निर्व्यसनी, आज्ञाधारक, अक्षर सुरेख, व्यस्त त्रैराशिक कच्चे. चारही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांनी चौथीमुळे लग्न दोन महिने लांबवले आणि तुला मांडवात, सगळ्या वऱ्हाडासमोर, भिंतीचे गणित घातले, याला मी जबाबदार नाही. तू सोळा म्हणालास याला तर मुळीच नाही.

वत्सला


बीड, माघ शुद्ध १२, शके १८४१

चि. अर्जुन यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले. या वेळी त्यावर "ती. ताईस" असे आहे आणि शाखेचा शिक्का नाही. ते मी उभ्याने उघडले आणि बसून वाचले.

तू लिहितोस ते मी इथे पुन्हा उतरवते, कारण उतरवल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. "सरकारी शिक्क्याच्या शेराने सात शेर ज्वारी मोजून परातीत घातली. तीच ज्वारी आईच्या शेराने मोजली, ती आठ वेळा भरली. पुन्हा मोजली. तुळजाने मोजली. आठच. तळाच्या पोच्यामुळे माप नवटाकाने कमी भरते, म्हणजे शेरामागे आठवा हिस्सा. माप लहान, म्हणून शेरांची संख्या मोठी. शेरांची संख्या मोठी, म्हणून महागाई लहान दिसते. तुझ्या वहीतले आठ म्हणजे खरे सात. मार्गशीर्षातले नऊ म्हणजे खरे आठाला अर्धपाव कमी. म्हणजे भत्ता मार्गशीर्षापासूनच देय होता. ताई, हे व्यस्तच आहे ना? मी चारदा पडताळले."

व्यस्तच आहे. मी पाचदा पडताळले.

शेवटी लिहितोस: "पोचा पडला त्या दिवशी मी उंबऱ्यात वळून पाहिले होते. मांजर नव्हते." यावर मी आज काही लिहीत नाही.

पत्र वाचून मी तशीच राधाकिशन शेठच्या दुकानात गेले. विचारले, शेठ, माझ्या मापात रुपयाला आठ देता आणि बाकी गावाला किती?

शेठ तागडीशी खेळू लागला. म्हणाला, "सात, बाई."

कधीपासून?

"तुमी ते माप आनायला लागल्यापासून. तुमचा शेर आमच्या शेरापरीस लहान हाय, म्हनून तुमाला एक जास्ती भरतो. हिशेब तर बराबर राहतो."

मग मला सांगितले का नाही?

शेठने जमीलकडे पाहिले. जमील कोपऱ्यात गुळाच्या ढेपेवर बसला होता. त्याने छताकडे पाहिले. म्हणाला, "बाई, सगळ्या बाजाराला ठावं हाय. बाईचा शेर म्हणतात त्याला. पण तुम्हाला चुकलं असं कोण सांगणार? मला बायकोलेकरं आहेत."

म्हणजे बघ. चौदा वर्षे साऱ्या बाजाराला ठाऊक होते आणि एकट्या मला नव्हते. बायडाबाईने सांगितले होते की तिला आठसुद्धा भरत नाहीत. मी तिला मापावर नजर ठेवायला सांगितले. पोचा मला रोज दिसत होता, अर्जुन. शेर घासताना बोट त्यात जाई. त्याचे गणित करावे असे मला एकदाही सुचले नाही. तुझ्या तक्त्यात रकान्याचे डोके चुकले होते. माझ्या वहीत मापाचा तळ. आणि या दोघांच्या भरवशावर हैदराबादेहून नोटांच्या पेट्या येत-जात होत्या.

आज संध्याकाळी मी जिनात गेले. सरकीचा धुरळा उडत होता. बायडाबाईने मला पाहून तोंडावरचा पदर काढला.

मी म्हटले, बायडाबाई, तुझे म्हणणे बरोबर होते. माझे माप खोटे होते.

ती हसली नाही. हसली असती तर बरे झाले असते. म्हणाली, "मला ठावं व्हतं. पन तुमी येवढ्या ठासून बोलता, की मलाच वाटायचं, माझंच पोट खोटं बोलतंय."

भत्ता येणार आहे असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "येनार हाय, का आलाय?" मी म्हटले, येणार आहे. "मंग आल्यावर येते. पोरी किती ऱ्हायल्या?"

मी म्हटले, नऊ.

"नऊ! आवं, म्या एकतीस दिल्या व्हत्या तुमाला." ती पुन्हा सरकी चाळू लागली. "तुमी पुढं पुढं चालता बाई. पोरींला मागं वळून बघनारं मानूस लागतं."

पत्रात लिहितोस की हुकूम टपालाने न पाठवता तू स्वतः घेऊन येतोस आणि सौ. तुळजाही येते आहे. ये. तपासणीच्या आत ये. स्टेशनाहून टांगा शोधशील. रस्ता वाईट आहे, बैलगाडी घे. जेवणात काय लागते ते कळव. तुझी आवड मला माहीत आहे, तिची नाही.

चौदा वर्षांपूर्वीच्या त्या पत्राची नक्कल मी पेटीतून काढून ठेवली आहे.

ताई


ताबेपावती

बीड, मुलींची शाळा, माघ वद्य ११, शके १८४१

आज रोजी शाळेच्या ओट्यावर, हजर मुली अठ्ठावीस (हुकूम आल्याचे कळताच बायडाबाईने आज सकाळी हाक मारून आणलेल्या) व बायडाबाई यांच्यासमक्ष, खालील वस्तूंची देवघेव झाली.

अर्जुनराव यांनी वत्सलाबाई यांच्या ताब्यात दिले:

गिरानी भत्त्याचा हुकूम एक, दरमहा दोन रुपये, मार्गशीर्षापासून. मागील रक्कम बायडाबाई हिला तिथेच दिली. तिने नोटा घेण्यास नकार दिल्यावरून चांदीचे रुपये दिले. प्रत्येक रुपया तिने ओट्यावर वाजवून घेतला.

सरकारी शिक्क्याचा नवा शेर एक. राधाकिशन शेठ यांनी आपल्या शेराशी ताडून पाहिला. बरोबर भरला. जमील यास वहीऐवजी हा शेर घेऊन स्वतः बाजारात जाण्याची ताकीद दिली. त्याने मान हलवली. कोणत्या दिशेने, याबद्दल साक्षीदारांत मतभेद आहे.

नव्या तक्त्याचा नमुना एक. रकान्याच्या डोक्यावर "रुपयास किती शेर (आकडा उतरल्यास महागाई)" असे छापले आहे. दुसऱ्या पानावर "बायडाबाईचा महिना" हा रकाना, तंबाखूसह.

वत्सलाबाई यांनी ताब्यात दिले:

अर्जुनराव यांस, आईचा पितळी शेर एक. अर्जुनराव यांनी तो मापासाठी नव्हे, घरात ठेवण्यासाठी मागितला व सोबत आणलेला परत नेत आहेत. पोचा काढू नये असे ठरले.

सौ. तुळजाबाई यांस, त्यांच्या कैलासवासी वडिलांना चौदा वर्षांपूर्वी पाठवलेल्या पत्राची नक्कल एक. त्यातील "व्यस्त त्रैराशिक कच्चे" यातील शेवटचा शब्द खोडून "पक्के" असा केला आहे व आजची तारीख घातली आहे. तुळजाबाई यांनी ती वाचून पदराआड तोंड नेले. हसल्या की कसे, ते विचारले नाही.

बायडाबाई हिला, सकाळच्या हाकेचे काम पूर्ववत. मुख्याध्यापिका यांनी मागे चालावे असे तिने सांगितले. मान्य.

सह्या: वत्सला. अर्जुन. बायडाबाईचा अंगठा.

शेरा, वत्सलाबाई यांच्या हातचा: वरील पितळी शेराच्या तळाचा पोचा मांजराने पाडलेला नाही.